सुईवरून पडलेली कार्डं

११ नोव्हेंबर

बँकेनं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. वर्षभर कोरी पडून होती. आता लिहायला घेतेय, कारण मनातलं बोलायला माणूस नाही. शांता आहे, पण माझ्या या थोरल्या बहिणीला सकाळी काही सांगितलं की संध्याकाळी अख्ख्या भोईवाड्याला ठाऊक.

तर झालं असं. शिवडीच्या बाजूची औषधांची कंपनी, जिथे आम्ही दोघा नवराबायकोनं उमर घालवली, ती बंद पडून जमाना झाला. आता टॉवरसाठी तिचं गोडाऊन पाडताहेत. त्यात आमच्या डॉक्युमेंटेशन सेक्शनची कार्डं निघाली, खोकीच्या खोकी. आकांक्षा नावाची एक संशोधक मुलगी ती भंगारात जाता जाता उचलून आपल्या संस्थेत घेऊन गेली. कंपनीनं बनवलेलं प्रत्येक रसायन त्यांत आहे, पण आमच्या वेळच्या कोडात. बरंचसं तिचा कंप्युटर वाचतो. जिथे तो अडतो, तिथे जुनी माणसं हवीत.

जुनी माणसं कोण? एक आमचे हे, धम्मपाल. दुसरी व्हायोला फरेरा. दोघांना फोन आले. मला नाही.

हे म्हणाले, "नम्रता, तू पंचिंगला होतीस. कोडिंगला नव्हतीस ना."

नव्हते. मी नुसती भोकं पाडत होते.

१५ नोव्हेंबर

आकांक्षा घरी येऊन गेली. गोड मुलगी आहे. यांना 'सर', व्हायोलाला 'मॅम' आणि मला, "काकू, जरा पाणी मिळेल?"

व्हायोलाही आली होती, खोताच्या वाडीतून, गुडघ्याला पट्टा बांधून. केस अजून कापलेले, ओठाला लिपस्टिक. आल्या आल्या म्हणाली, "धम्मा! अरे, किती बारीक झालास तू!"

इतकी वर्षं लग्नाला झाली, मी 'अहो' म्हणते. आणि ही धम्मा म्हणते.

मग तिघं टेबलाशी बसले आणि त्यांचं सुरू झालं. केमिस्ट लोक फळ्यावर षटकोन काढतात, त्याला हातपाय फुटतात. तसलं चित्र त्या वेळच्या कंप्युटरला कळायचं नाही. म्हणून अख्खा रेणू एका ओळीत लिहायचा, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्ये मोकळ्या जागा. त्याच्या नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. चित्र बघून ओळ लिहायची ती यांनी आणि व्हायोलानं, आणि ती ओळ मशीनवर ठोकून कार्ड करायचं ते मी. लाखभर अक्षरं ठोकली असतील, पण कुठल्या अक्षराचा अर्थ काय, हे मला कुणी सांगितलं नाही. एक 'आर' तेवढा माहीत आहे. लग्नाआधी कँटीनमध्ये यांनी सांगितलं होतं, आर म्हणजे बेंझिनचं कडं. बाकीच्या मुलींना गजरे मिळायचे, मला बेंझिनचं कडं मिळालं.

"टी, सिक्स, एन, जे," व्हायोला म्हणाली.

"पिरिडीन!" हे हसून म्हणाले.

असं हसताना मी यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मी भजी तळली आणि ती जरा करपली.

२० नोव्हेंबर

काम व्हायोलाकडे करायचं ठरलं. तिचं टेबल मोठं आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणे. मी म्हटलं, मीपण येते. हे पटकन म्हणाले, "तू कशाला? तिथे तुला कंटाळा येईल."

पाणी कुठे मुरतंय ते बघायला हवं.

२४ नोव्हेंबर

आज एकटीच होते. जुने दिवस आठवत बसले.

पंचिंग मशीन यायच्या आधी माझ्याकडे सुया होत्या. स्वेटरच्या असतात तशा, जरा लांब. त्या वेळी एका रसायनाचं एक जाड कार्ड असे आणि कार्डाच्या चारी कडांना भोकं. एक भोक क्लोरिनचं, एक गंधकाचं, एक बेंझिनच्या कड्याचं. ज्या रसायनात क्लोरिन आहे, त्याच्या क्लोरिनच्या भोकाची कड कापून टाकायची. मग साहेब येऊन म्हणायचे, क्लोरिनवाली दे. मी गठ्ठ्यातून सुई घालायची, उचलायची आणि हलवायची. कड कापलेली कार्डं टपटप खाली पडायची, बाकीची सुईला लटकून राहायची. पडलेल्यांत पुन्हा दुसरी सुई, पुन्हा तिसरी. हात असा बसला होता माझा की केमिस्ट उभे राहून बघत.

त्यात एकच खोट होती. तुकडे सगळे सापडायचे, पण ते एकमेकांना कसे जोडलेत ते सुईला कळायचं नाही. साहेबाला क्लोरिन कड्यावर बसलेला हवा असे, आणि पडलेल्या कार्डात तो दुसरीकडेच शेपटाला निघे. आम्ही त्याला 'खोटं पडलेलं' म्हणायचो. म्हणून तर नंतर ही ओळीची पद्धत आली, कोण कुणाला जोडलंय ते सांगणारी. आणि ती शिकायला निवडली कुणाला? व्हायोलाला. माझ्यानंतर वर्षभरानं लागली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही.

२६ नोव्हेंबर

बसशिवाय पाऊल न टाकणारा माणूस आता गिरगावला टॅक्सीनं जातो. विचारलं तर म्हणतात, "बसची वाट कोण बघत बसणार?"

आणि पेपर वाचणं सोडलंय. म्हणे बातम्या नकोशा झाल्यात, तूच काय ते मोठ्यानं वाच. माझ्या घरात पेपर वाचवत नाही, आणि तिच्या घरी दिवसभर कार्डं वाचताना डोळे दुखत नाहीत!

३० नोव्हेंबर

आज नीट लक्ष ठेवलं. बोलताना हे माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. मी समोर बसते, आणि यांची नजर माझ्या डाव्या कानाकडे. मी मुद्दाम सरकून बसले, तर नजरही सरकली, पण पुन्हा कानाकडेच. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस बायकोच्या डोळ्यांत बघून बोलतो.

कानातल्या कुड्या बदलून बघितल्या. यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

६ डिसेंबर

दरवर्षीसारखे चैत्यभूमीला गेलो. रांगेत यांनी माझा खांदा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दोन बायका बघून हसल्या. मला आधी बरं वाटलं, मग वाटलं की मन खात असेल म्हणून एवढं प्रेम उतू चाललंय.

नंतर शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर आलो. दरवर्षी मी यांना हाताला धरून ओढून आणते, नाहीतर पिशव्या फाटेपर्यंत पुस्तकं घेतात. यंदा एक पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं, परत ठेवलं. एक मात्र घेतलं. घरी येऊन बघते तर तेच पुस्तक आमच्या कपाटात आधीपासून आहे.

"मन कुठे असतं तुमचं?" मी विचारलं.

"इथेच आहे गं," म्हणाले. कानाकडे बघून.

९ डिसेंबर

लिहू की नको. लिहिते.

संध्याकाळी हे वाडीतून आले आणि शर्टाची बटणं एक घर चुकलेली. खालून एक टोक लोंबतंय, वर एक काज रिकामं. सकाळी मी विहारात वंदनेला गेले होते, त्यामुळे निघताना कशी होती ते ठाऊक नाही. पण माणूस अशी बटणं कधी लावतो? घाईत. आणि घाईत कधी लावतो? जेव्हा आधी काढलेली असतात!

शिवाय शर्टाला व्हॅनिलाचा वास. केकसारखा, गोड. मी तो शर्ट दोनदा धुतला.

सत्तरीला आलेला माणूस. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी मी शांताला फोन केला. चूक केली.

"अगं, याचे दात पडायला आले नि कुठं जातोय?" शांता हसत सुटली. "पण नमे, एक सांगते, तू लक्ष ठेव. पुरुषाची जात ती."

"म्हणजे तुला वाटतं तसं?"

"मला काय वाटायचंय? तूच बोलली ना बटणं!"

१२ डिसेंबर

शेजारची प्रिती लिफ्टमध्ये भेटली. गिरगावात गेली होती. म्हणाली, "काकू, काका दिसले. टॅक्सीतून उतरत होते. एक आँटी होत्या बरोबर, हात धरून चालले होते दोघं. सो क्यूट!"

क्यूट.

घरी येऊन मी दार लावलं आणि मनातल्या मनात सुई घातली. तोंडाकडे बघत नाहीत, एक कार्ड. पेपर नको, टॅक्सी हवी, बटणं, व्हॅनिला, मला तिथे येऊ न देणं, हातात हात. एकेक भोक, एकेक सुई. सगळ्यांतून हलवून शेवटी खाली पडलं ते एकच कार्ड, आणि त्यावर व्हायोलाचं नाव.

या घराला मी काय दिलं नाही? यांची आई सुंदराबाई पडली नि कमरेचं हाड मोडलं, त्यानंतर तीन वर्षं मी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. पाणीसुद्धा हातात दिलं. जिन्यापर्यंत जाते म्हणायची, तर मी खुर्ची आडवी लावायची, पुन्हा पडू नये म्हणून. गेली तेव्हा लोक म्हणाले, सून असावी तर अशी. आणि त्याचं हे फळ.

१३ डिसेंबर

आज मी आकांक्षाला फोन केला. हे आंघोळीला गेले होते.

म्हटलं, "यांना आता हे काम जमणार नाही. तब्येत बरी नसते. कार्डं पाठवू नकोस."

ती आधी 'ओह' म्हणाली. मग म्हणाली, "काकू, सरांनी सांगितलं तुम्हाला? बरं झालं. मला फार ऑकवर्ड होत होतं. म्हणजे व्हायोला मॅम इतकं सांभाळून घेतात, की मी पण काही बोलले नाही."

माझे कान तापले. म्हणजे हिलाही माहीत! अख्ख्या जगाला माहीत, मलाच नाही! मांजर डोळे मिटून दूध पितं, पण या मांजराला दूध पाजायला किती जणी बसल्यात!

"बंद म्हणजे बंद," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सुंठीवाचून खोकला गेला.

१७ डिसेंबर

खोकला गेला खरा, पण घर आजारी पडल्यासारखं झालंय.

कार्डं येत नाहीत. यांनी दोन दिवस वाट पाहिली. मग आकांक्षाला फोन केला असणार, कारण त्यानंतर विचारणं बंद झालं. मला काही बोलले नाहीत. रागावले असते तर मी दहा गोष्टी ऐकवल्या असत्या, तयार ठेवल्या होत्या. पण हे नुसते खिडकीशी खुर्ची घेऊन बसतात. अकराव्या मजल्यावरून बंदरापर्यंत दिसतं, पण हे त्या बाजूलाही बघत नाहीत. मांडीवर बोटानं काहीतरी गिरवत असतात. षटकोन असावा.

सकाळी हे चहा ओतायला गेले तर अर्धा कपात, अर्धा टेबलावर. मी ओरडले, "लक्ष कुठे आहे? जा ना मग तिच्याकडेच!"

"कुणाकडे?" यांनी विचारलं. खरंच कळलं नाही, असा चेहरा.

काय नाटक येतं माणसाला. मी टेबल पुसलं आणि म्हटलं, तुम्ही बसा, यापुढे कशाला हात लावू नका, मी सगळं हातात देईन. त्यावर यांचा चेहरा असा काही झाला की मला सुंदराबाई आठवल्या. का ते कळलं नाही.

२३ डिसेंबर

आज जाऊन आलेच. यांना सांगितलं, दादरला ब्लाउज टाकायला जाते.

खोताच्या वाडीत सगळीकडे कागदी तारे लटकले होते. व्हायोलाचं घर लाकडी, बाहेर जिना. चढताना मी वाक्य पाठ करत होते: हे बघ व्हायोला, या वयात हे शोभत नाही.

दार उघडंच होतं. आत व्हॅनिलाचा वास घमघमत होता. ही बाई नाताळसाठी केक करत होती, हाताला पीठ, आणि टेबलावर थंड करायला लावलेले सात-आठ केक. ऑर्डरी घेते म्हणे. सगळं घरच त्या वासात बुडलेलं, पडदेसुद्धा. त्या घरात कुणीही तासभर बसलं तरी वास घेऊन जाईल.

"नम्रता! ये गो, ये! चपला राहू दे!"

"मी बसायला नाही आले," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला सोड तू."

ती बघतच राहिली. मग हसायला लागली, ती इतकी की ओट्याला धरावं लागलं. "तुज्या नवऱ्याला? मी? अगो, माजा विल्फ्रेड मला आख्खी लाइफ पुरला! आता दुसरा कुठं सांभाळू?"

"मग हात धरून कशाला फिरता? बटणं कशी चुकतात? माझ्याकडे बघत का नाहीत ते?"

तिचं हसू थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती माझ्यासमोर बसली. "धम्मानं तुला सांगितलंच नाय? आकांक्षा बोलली, मिसेसला कळलं, तिनं काम बंद केलं. आय थॉट, तुला सगळं माहीत झालं."

"काय माहीत?"

तिनं भिंतीकडे हात केला. तिथे मोठे पांढरे कागद चिकटवले होते. त्यांवर काळ्या मार्करनं अक्षरं, एकेक अक्षर माझ्या पंजाएवढं.

"आधी मी असं लिवून दिलं त्याला. मग तेपण दिसेना. आता मी वाचते, तो ऐकतो आणि सांगतो. रिंग्ज मला येत नाय, त्याच्या सगळ्या तोंडपाठ. डोळ्यांचं मधलं गेलं त्याचं, नम्रता. बाजूचं दिसतं, मधलं नाय. डॉक्टरकडे मीच नेते गिरगावात. उतरताना फूटपाथ दिसत नाय, मग हात नको धरू?"

मी काय बोलले, आठवत नाही. पाठ केलेलं वाक्य तर नक्कीच नाही. निघताना तिनं केकचा तुकडा बांधून दिला. मी तो नाकासमोर धरून टॅक्सीत रडले.

सगळे तुकडे बरोबर होते. एकही खोटा नव्हता. आणि कार्ड मात्र खोटं पडलेलं. हातात सुया घेऊन अर्धी नोकरी केलेल्या बाईची ही गत.

२४ डिसेंबर

आज बोललो.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी परकी आणि ती जवळची?"

यांनी कप हातानं चाचपून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तू माझी फार काळजी घेतली असतीस."

"मग? घेऊ नये?"

"आईची घेतलीस तशी घेतली असतीस, नम्रता. ती शेवटी मला म्हणायची, धम्मा, एकदा मला जिन्यापर्यंत ने रे. मी नेलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून." मग म्हणाले, "व्हायोला काळजी घेत नाही. नुसती वाचते. माझं एखादं उत्तर चुकलं की शिव्या देते. तिथे गेलो की मला मी कामाचा वाटतो."

मला भयंकर राग आला. मी सुंदराबाईंसाठी जीव काढून ठेवला होता. तसं म्हणालेही. हे म्हणाले, "हो, ठेवला होतास," एवढंच. या माणसाशी धड भांडतासुद्धा येत नाही.

दुपारी आकांक्षाला फोन केला आणि म्हटलं, कार्डं पाठव. ती म्हणाली, "थँक यू, काकू! पण तुमचं मन कसं बदललं?" मी म्हटलं, तुला काय करायचंय.

२६ डिसेंबर

आज हे वाडीत गेले. एकटे. मी म्हटलं, मी खालपर्यंत येते. नको म्हणाले. मी म्हटलं, लिफ्टपर्यंत. नको म्हणाले. दाराशी खुर्ची होती. ती मी हातानं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. तेवढं केल्यावर खिडकीत जाऊन उभी राहिले. टॅक्सी वळेपर्यंत गजावरचा हात काढला नाही.

संध्याकाळी हे आले ते केकचा वास घेऊन. मला अजूनही तो वास आवडत नाही. खोटं कशाला लिहू?

२७ डिसेंबर, शुक्रवार

तह झाला. चार दिवस व्हायोला वाचणार, शुक्रवार माझा. व्हायोला फोनवर म्हणाली, "घे बाबा, तुजा नवरा, तुजा फ्रायडे."

आज पहिल्यांदा त्या कोडिंगच्या टेबलाशी बसले. म्हणजे आमच्याच जेवणाच्या टेबलाशी, पण माझ्या मनात ते तेच टेबल होतं. आकांक्षानं पाठवलेल्या कागदांतला पहिला घेतला आणि वाचला: "व्ही, एच, आर."

"आर तुला माहीत आहे," हे म्हणाले.

"बेंझिनचं कडं."

"हां. मग?"

"मोकळी जागा. डी, क्यू. मोकळी जागा. सी, ओ, एक."

हे डोळे मिटून हसले. हवेत बोटानं षटकोन काढला, मग प्रत्येक कोपऱ्यावर बोट टेकवून सांगत गेले. मोकळी जागा आली की पुढचं अक्षर म्हणजे कोपऱ्याचा पत्ता. क्यू म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन. ओ आणि एक, म्हणजे ऑक्सिजनला लागलेला एक कार्बन. इतकी वर्षं मी ही अक्षरं ठोकली आणि मोकळी जागा म्हणजे नुसता दम खायला दिलेला वेळ समजत होते.

"मग हे झालं काय?" मी विचारलं.

"व्हॅनिला."

मी कागद खाली ठेवला. "मुद्दाम पाठवलाय का तिनं?"

"कुणी?"

"कुणी नाही. दुसरा वाचते."

दुसरा वाचायच्या आधी मी चष्मा पुसत होते. मान वर केली तर हे माझ्याकडे बघत होते. डाव्या कानाकडे. सवयीनं मी सरकणार होते, आणि मग कळलं. मधलं दिसत नाही यांना, बाजूचं दिसतं. माझा चेहरा बघायचा तर कानाकडेच बघायला हवं.

"काय बघताय?" मी विचारलं.

"नवीन कुड्या घातल्यास," हे म्हणाले. "मागच्या महिन्यात पण घातल्या होत्यास. तेव्हा बोललो असतो, तर तू विचारलं असतंस, तोंडाकडे का बघत नाही."

मी कागद हातात तसाच धरून बसले. हलले नाही. म्हटलं, बघू देत यांना हवं तेवढं.